विधेयक मंजूर झाले, मग कायदा कुठे आहे?

तुमचा प्रश्न असा: एक विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाल्याची बातमी तुमच्या संस्थेच्या लोकांनी वाचली, त्या भरवशावर तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिले, आणि ‘असा कायदा आमच्याकडे आलेला नाही’ असे सांगून ते परत केले गेले. मग खरे कोण, वर्तमानपत्र की कचेरी? आणि दुसरे, पुढचे विधेयक येईल तेव्हा तुमच्यासारख्यांनी नेमके कुठे आणि कधी बोलायचे?

बहुधा दोघेही खरे बोलत आहेत. विधेयकांचे मसुदे करणे आणि तपासणे यात माझी सव्वीस वर्षे गेली. लोकांचा सर्वांत जास्त घोळ ‘मंजूर’ या एका शब्दाने होतो, असे मी या काळात पाहिले. मंत्रिमंडळाने मसुदा मान्य केला की बातमी येते, ‘कायद्याला मंजुरी’. विधानसभेत झाले की तीच बातमी, विधान परिषदेत झाले की पुन्हा तीच, राज्यपालांची सही झाली की चौथ्यांदा तीच. या चारही टप्प्यांनंतर कायदा राजपत्रात छापला जातो, आणि तरीसुद्धा तो लागू झालेला नसू शकतो. तुमचे अर्ज याच शेवटच्या फटीत पडले असावेत. तिथे मी येतोच, पण आधी सुरुवातीपासून सांगतो, कारण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे.

विधेयकाचा जन्म सभागृहात होत नाही. संबंधित खाते (आमच्या भाषेत प्रशासकीय विभाग) टिप्पणी तयार करते, वित्त विभागाचे मत घेते, मंत्रिमंडळ धोरण मान्य करते आणि मग विधी व न्याय विभागात मसुदा होतो. मसुदा इंग्रजीत आणि मराठीत दोन्ही असतो. न्यायालयात अर्थ लावताना इंग्रजी पाठ प्रमाण धरला जातो, कारण संविधानाच्या अनुच्छेद ३४८ मध्ये तशी तरतूद आहे. म्हणून मराठी प्रत वाचताना एखादा शब्द संदिग्ध वाटला तर इंग्रजी प्रतही बघा. हे मला आवडते म्हणून सांगत नाही, कोर्टात उभे राहायची वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

आमदारालाही स्वतःचे विधेयक मांडता येते, त्याला अशासकीय विधेयक म्हणतात. त्याचा कायदा होणे फार दुर्मीळ. संसदेचेच पाहा: स्वातंत्र्यानंतर खासदारांची अशी चौदा विधेयकेच कायदा झाली, आणि त्यातले शेवटचे १९७० मध्ये. तरीही अशा विधेयकांनी विषय पटलावर येतो, सरकारला उत्तर द्यावे लागते, म्हणून ती वाया जातात असे मी मानत नाही.

मसुदा छापून सभागृहात आला की पहिला टप्पा पुरःस्थापनेचा. मंत्री परवानगी मागतात, विधेयक मांडले जाते, सहसा चर्चा होत नाही. पण या दिवशी छापील प्रत सदस्यांच्या हाती पडते, आणि ती प्रत मागून घ्यायची सवय तुम्ही लावून घ्या. बहुतेक लोक पहिली चार पाने चाळतात. मी उलटे सुचवेन, शेवटाकडून सुरुवात करा. शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असते, त्यात सरकारला हा कायदा का हवा ते साध्या भाषेत सांगितलेले असते. खर्च येणार असेल तर वित्तीय ज्ञापन असते, त्यातून कळते की पैशांची तजवीज आहे की नुसती आशा. आणि तिसरे असते प्रत्यायुक्त विधानाविषयीचे ज्ञापन. नाव बोजड आहे, पण सामान्य माणसाच्या दृष्टीने हाच कागद सर्वांत महत्त्वाचा, कारण कोणकोणत्या गोष्टी पुढे नियमांनी किंवा अधिसूचनेने ठरवायच्या म्हणून सोडल्या आहेत, त्यांची यादी त्यात असते. लाभार्थी कोण, अर्ज कोणाकडे, मुदत किती, हे सगळे त्या यादीत गेले असेल तर समजा की कायद्याचा सांगाडा आला आहे, मांस नंतर भरायचे आहे.

दुसरा टप्पा विचाराचा. आधी विधेयकाच्या तत्त्वावर चर्चा होते, भाषणे होतात, बातम्या बहुधा याच भाषणांच्या होतात. खरा कायदा मात्र त्यानंतरच्या खंडशः विचारात घडतो. विधेयक असेपर्यंत त्याच्या परिच्छेदांना ‘खंड’ म्हणतात, अधिनियम झाला की तीच ‘कलमे’ होतात. अध्यक्ष एकेक खंड मताला टाकतात. सदस्यांनी आधी लेखी सूचना दिलेल्या सुधारणा त्या त्या खंडाच्या वेळी मांडल्या जातात. ज्यात कायद्याचे नाव असते तो खंड १ आणि दीर्घ शीर्षक मुद्दाम शेवटी घेतात, कारण आतला मजकूर बदलला तर नावही बदलावे लागेल. सगळे संपले की मंत्री विधेयक मंजूर करण्याचा प्रस्ताव मांडतात, तो तिसरा टप्पा, आणि तो सहसा मिनिटांत उरकतो.

खंडशः विचारात एका शब्दाने काय होते, याचा माझ्यासमोरचा प्रसंग सांगतो. घराच्या जागेविषयीच्या एका विधेयकात पात्रतेची अट अशी होती: अर्जदार ठरावीक वर्षे तिथे राहणारा असावा ‘आणि’ शिधापत्रिका त्याच्या नावे असावी. मसुदा माझ्या टेबलावरून गेला होता, मला त्यात खटकले नव्हते. परिषदेतल्या एका शिक्षक आमदारांनी विचारले, नवऱ्याने टाकलेल्या बाईचे काय? ती वीस वर्षे त्याच खोलीत राहते, पण शिधापत्रिका नवऱ्याच्या नावे. त्यांनी ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ सुचवले. मंत्र्यांनी ते मान्य केले. परिषदेत बदल झाल्याने विधेयक पुन्हा विधानसभेकडे गेले, तिथे ती सुधारणा स्वीकारली गेली आणि मग पुढे गेले. वर्तमानपत्रात याची ओळही आली नाही. त्या दिवसापासून प्रत्येक मसुद्यातला प्रत्येक ‘आणि’ मी पेन्सिलीने गोल करून तपासत असे.

परिषद कशाला हवी, असे अनेक जण विचारतात. महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ सदस्य आहेत. परिषदेत शिक्षकांचे सात आणि पदवीधरांचे सात प्रतिनिधी असतात, बारा सदस्य राज्यपाल नेमतात, बाकीचे आमदार आणि स्थानिक संस्थांचे सदस्य निवडतात. शेजारच्या गोव्यात परिषदच नाही, चाळीस जणांची एकच विधानसभा. परिषदेला विधेयक कायमचे अडवता येत नाही: पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा मंजूर करून पाठवले तर आणखी एक महिना, इतकाच तिचा हात पोहोचतो. पैशांच्या विधेयकावर तर चौदाच दिवस. केंद्रात दोन सभागृहांचा वाद झाला तर संयुक्त बैठक बोलावता येते, राज्यात ती सोयच नाही, शेवटचा शब्द विधानसभेचा. तरीही ‘थांबा, पुन्हा वाचा’ म्हणणारी दुसरी जागा असावी, असे माझे ठाम मत आहे, आणि त्या एका ‘किंवा’मुळे ते अधिकच पक्के झाले.

परिषदेत अडकलेल्या विधेयकाचे काय होऊ शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याकडचेच आहे, जादूटोणाविरोधी कायद्याचे. त्याचे पूर्ण नाव ‘महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध घालण्याबाबत व त्यांचे समूळ उच्चाटन करण्याबाबत अधिनियम, २०१३’. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे त्यासाठी झगडत होते. २००५ मध्ये विधानसभेने एक विधेयक मंजूर केले. ते परिषदेकडे गेले, समितीकडे गेले आणि तिथेच राहिले. अनुच्छेद १९६ सांगतो की विधानसभेने मंजूर केलेले विधेयक परिषदेत प्रलंबित असताना विधानसभा विसर्जित झाली, तर ते व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. २००९ मध्ये विधानसभेची मुदत संपली आणि विधेयक संपले. कोणी त्याच्या विरोधात मत दिले नाही, कोणी ते फेटाळले नाही, फक्त कॅलेंडर उलटले. (उलट, आधी परिषदेत मांडलेले आणि विधानसभेने अजून न घेतलेले विधेयक मात्र विसर्जनाने मरत नाही. हा फरक आंदोलन करणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे.) मग पुन्हा नवा मसुदा, पुन्हा आक्षेप, पुन्हा वाट पाहणे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केले. ज्या माणसाने त्यासाठी आयुष्य वेचले, तो ते पाहायला नव्हता. आमच्या कामात एवढे मोठे ओझे असलेले कागद फार थोडे आले.

त्या कायद्याचा मजकूर मुद्दाम वाचा. गुन्हे कोणते, हे अनुसूचीत एकेक करून लिहिले आहे, बारा नोंदी आहेत. ‘अंधश्रद्धा’ या मोघम शब्दावर शिक्षा ठेवलेली नाही. आणि शेवटाकडे एक वगळणारे कलम आहे: प्रदक्षिणा, यात्रा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही. ज्योतिषी आणि नंदीबैलवाले यांच्या सल्ल्याचाही तिथे उल्लेख आहे. हे कलम वाचताना त्यामागच्या बैठका दिसतात. वारकऱ्यांना भीती होती की कीर्तनकारावर खटला होईल. त्या भीतीला भाषणाने उत्तर दिले असते तर ती विरली नसती, कायद्यातल्या शब्दांनीच ती कमी होणार होती. आक्षेपाचे वाक्यात रूपांतर करणे, हेच खरे विधिमंडळाचे काम, असे मी समजतो.

अध्यादेशाचा उल्लेख आला म्हणून दोन शब्द. अधिवेशन चालू नसताना तातडी असेल तर मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राज्यपाल अध्यादेश काढतात. तो त्या क्षणापासून कायद्याइतकाच लागू असतो, पण अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांनी आपोआप संपतो. त्या आत विधेयक मंजूर करून घ्यावे लागते. याचा गैरवापर कसा होतो हे पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ डी. सी. वाधवा यांनी बिहारची राजपत्रे चाळून उघड केले: १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ अध्यादेश पुनःपुन्हा काढून जिवंत ठेवले होते, काही तर चौदा वर्षांपर्यंत. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८६ मध्ये न्यायालयाने हा प्रकार संविधानाशी केलेली फसवणूक ठरवला. पुण्यातल्या एका अभ्यासकाने नुसती राजपत्रे चिकाटीने वाचून हे केले. तुमच्या संस्थेतल्या तरुणांना हे जरूर सांगा.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. बाहेरच्या माणसाला बोलण्याची सर्वांत मोठी दारे दोन. एक, विधेयक मांडण्यापूर्वी खात्याकडे. मसुदा कच्चा असतो तेव्हा एक चांगले निवेदन जे करते, ते नंतर मोर्चानेही होत नाही. दुसरे, संयुक्त समिती. विधेयक दोन्ही सभागृहांच्या सदस्यांच्या समितीकडे सोपवले तर ती लोकांकडून सूचना मागवू शकते, तज्ज्ञांना बोलावू शकते आणि सुधारलेल्या मसुद्यासह अहवाल देते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. त्या विधेयकाविषयी कोणाचे मत काहीही असो, एवढ्या लोकांनी कायद्याच्या मसुद्यावर लेखी म्हणणे पाठवले, ही गोष्ट मला मोलाची वाटते. पाठवताना एक पथ्य पाळा: ‘हा कायदा अन्यायकारक आहे’ एवढेच लिहू नका. ‘खंड ६ मधील अमुक शब्दांऐवजी हे शब्द घालावेत, कारण असे’ हे लिहा. समितीसमोर बसलेल्या अधिकाऱ्याला पहिल्या कागदाचे काही करता येत नाही. दुसरा कागद तो तसाच पुढे ठेवू शकतो.

मात्र प्रत्येक विधेयक समितीकडे जात नाही. मोठे विषयही एका दिवसात उरकले गेले आहेत. मराठा आरक्षणाचे विधेयक २९ नोव्हेंबर २०१८ ला एकाच दिवशी दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. पुढे ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. घाईमुळे तो रद्द झाला असे मी म्हणत नाही, त्याची कारणे आरक्षणावर सर्वोच्च न्यायालयानेच पूर्वी घातलेल्या पन्नास टक्क्यांच्या मर्यादेशी निगडित होती. पण ज्या प्रश्नात लाखो मुलांचे प्रवेश आणि नोकऱ्या गुंतलेल्या होत्या, तो खंडाखंडाने दिवसभर तपासला जायला हवा होता, एवढे मला आजही वाटते. गोव्यात जुलै २०२१ मध्ये भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक असेच झटपट मंजूर झाले. लोकांतून इतका विरोध उठला की सरकारलाच मागे यावे लागले आणि त्याचा कायदा झाला नाही. सभागृहात न झालेली चर्चा रस्त्यावर झाली.

दोन्ही सभागृहे झाली की विधेयक राज्यपालांकडे जाते. ते अनुमती देतात, किंवा आपले म्हणणे लिहून परत पाठवतात, किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. परत आलेले विधेयक सभागृहांनी पुन्हा मंजूर केले तर अनुमती नाकारता येत नाही. पैशांचे विधेयक मात्र परत पाठवता येत नाही. किती दिवसांत निर्णय घ्यायचा, हे संविधानात लिहिलेले नाही, आणि यावरून गेल्या काही वर्षांत मोठे वाद झाले. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मुदती घालून दिल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने राष्ट्रपतींच्या विचारणेवर मत दिले की न्यायालय अशा मुदती बांधू शकत नाही आणि अनुमती ‘मिळाली असे मानता’ येत नाही, पण राज्यपालांना विधेयक नुसते दाबूनही ठेवता येत नाही, अकारण दीर्घ विलंब झाला तर न्यायालय मर्यादित दखल घेऊ शकते.

राष्ट्रपतींकडे विधेयक का जाते? समवर्ती सूचीतल्या (म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा) विषयावर राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल, तर राष्ट्रपतींची अनुमती मिळाल्याशिवाय तो टिकत नाही. महिलांवरील अत्याचारांविषयीचे ‘शक्ती’ विधेयक आठवत असेल. डिसेंबर २०२० मध्ये मांडले, एकवीस जणांच्या संयुक्त समितीने तपासले, डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. ते भारतीय दंड संहितेत बदल करणारे होते, म्हणून दिल्लीला गेले आणि तिथेच अडले. दरम्यान १ जुलै २०२४ पासून दंड संहिताच जाऊन भारतीय न्याय संहिता आली. ज्या इमारतीला मजला चढवायचा होता, ती इमारतच राहिली नाही. अजूनही मला लोक विचारतात, ‘शक्ती कायद्याखाली तक्रार करता येईल का?’ त्यांना नाही सांगताना फार वाईट वाटते, कारण ‘मंजूर’ ही बातमी त्यांनी मनापासून खरी मानलेली असते.

आणि आता तुमचे परत आलेले अर्ज. राज्यपालांची सही झाली, राजपत्रात अधिनियम छापून आला, त्याला क्रमांक मिळाला. आता कलम १ वाचा. तिथे दोनपैकी एक वाक्य असते. एक तर ‘तो तात्काळ अंमलात येईल’ अशा अर्थाचे, किंवा ‘राज्य शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नियत करील अशा दिनांकास तो अंमलात येईल’. दुसरे वाक्य असेल तर ती अधिसूचना निघेपर्यंत कायदा कागदावर झोपलेला असतो. आपली रोजगार हमी, जिच्यासाठी परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी एवढे कष्ट घेतले, तिचा अधिनियम नावाने १९७७ चा आहे, त्याचा क्रमांक १९७८ चा आहे, आणि तो अंमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. योजना म्हणून कामे आधीपासून चालू होती, म्हणून मजुरांचे हाल झाले नाहीत. प्रत्येक कायद्याच्या मागे अशी चालू योजना नसते.

त्यानंतर नियम. कलमात ‘विहित करण्यात येईल अशा नमुन्यात’ असे शब्द असतील, तर नियम निघेपर्यंत तो नमुनाच अस्तित्वात नसतो. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे, पण एखादी सेवा त्याखाली अधिसूचित झाल्याशिवाय त्या सेवेसाठी मुदतीचा हक्क सांगता येत नाही. कचेरीतले ‘आमच्याकडे आलेला नाही’ हे वाक्य बऱ्याचदा याच कारणाने निघते. ते कधी टोलवाटोलवी असते, कधी शब्दशः खरे असते.

तेव्हा पुढच्या खेपेला कचेरीत बातमीचे कात्रण नेऊ नका. तीन गोष्टी नेऊन विचारा: अधिनियमाचा क्रमांक व वर्ष, अंमलात आल्याच्या अधिसूचनेचा दिनांक, आणि नियमांचा दिनांक. पहिली सापडली नाही तर विधेयक अजून अनुमतीत आहे. दुसरी नसेल तर आपल्या आमदारांना सांगून ‘अधिसूचना केव्हा काढणार’ असा प्रश्न सभागृहात विचारायला लावा, मंत्र्यांना लेखी उत्तर द्यावे लागते. तिसरी नसेल तर ‘पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीस अधीन राहून’ हे शब्द कायद्यात आहेत का ते पाहा. असतील तर नियमांचा मसुदा हरकती व सूचनांसाठी आधी प्रसिद्ध करावा लागतो. सभागृहात निसटलेली गोष्ट पकडायची ती शेवटची संधी, आणि तिच्याकडे जवळजवळ कोणीच फिरकत नाही.

परत आलेले अर्ज फेकू नका. त्यांवर तारीख आणि शेरा मागून घ्या. अधिसूचनेसाठी किंवा नियमांसाठी निवेदन द्याल तेव्हा ते सोबत जोडा, म्हणजे मंत्रालयात फाइल हाताळणाऱ्याला दिसेल की अमुक तालुक्यात अमुक इतकी माणसे या एका अधिसूचनेसाठी खोळंबली आहेत.